लटका घास

कुंभकोणम्,
१२ नोव्हेंबर १९५५

सौ. गोमतीअक्कास धनाचा नमस्कार.

तुझं दिवाळीचं पत्र आणि त्याखालची भावोजींची नेहमीची ओळ, ‘इकडे बरं आहे. वै.’, दोन्ही पोचलं. अण्णा ती ओळ दर वेळी चष्मा लावून वाचतात. तीत आणखी काही सापडेल अशी त्यांना अजून आशा आहे.

बातमी तुला मीनाक्षी आत्याबाईंनी कळवली असेलच, पण त्यांनी ती त्यांच्या पद्धतीनं लिहिली असेल, म्हणून मी माझ्या पद्धतीनं लिहिते. गेल्या रविवारी तंजावरची मंडळी मला बघून गेली. मुलाचं नाव राजगोपाल. चोळपुरम्‌च्या शाळेत शास्त्र शिकवतो, इथंच खोली घेऊन राहतो, सायकलनं जातो-येतो. मी गायले तेव्हा त्यानं दोनदा मान हलवली, दोन्ही वेळा ताल सोडून. माझ्याशी एकच वाक्य बोलला, ‘तुम्ही वाचता का?’ मी हो म्हटलं. काय वाचता ते विचारलं नाही.

आणि निघताना दारात घोड्याच्या जटक्यावाल्यावर असा काही ओरडला, की आत स्वयंपाकघरात माझ्या हातातल्या पेल्यातली कॉफी खालच्या डबऱ्यात सांडली. काय घडलं ते मला दिसलं नाही, नुसता आवाज ऐकला. आत्याबाई म्हणाल्या, “पुरुषाचा आवाज आहे, पोरी. बासरी हवी होती का?”

सर्वांना स्थळ पसंत आहे. २७ जानेवारीला निश्चय, तांबूल, आणि वैशाखात लग्न. अण्णांनी मात्र मला जवळ बसवून सांगितलं, “तुझ्या आईला मी शब्द दिला होता. तांबूल बदलेपर्यंत तू नाही म्हणालीस तर नाही. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात आपल्या घरचा लटका लाडू घोळतो आहे. लग्नाच्या दुपारी नलंगुला वधूवर समोरासमोर बसतात, नारळ लोळवतात, बायका थट्टेची गाणी म्हणतात, आणि आपल्याकडची एक बहीण नवऱ्यामुलाला आत मिरच्या भरलेला लाडू देते. तो फेकतो, हसतो की गिळतो यावरून आजीच्या काळापासून आपण जावयाचा स्वभाव सांगत आलो. पण अक्का, गाठ बांधून झाल्यावर स्वभाव कळून उपयोग काय? त्यानं ताट भिरकावलं तरी मी त्याच घरी जायची. मला गाठीच्या आधी कळायला हवं.

लाडवाचा डाव तंजावरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सावध माणूस काहीच दाखवत नाही. तू एप्रिलात लिहिलं होतंस, तुझ्या शेजारच्या रेबेलोबाईंची मुलं सणाला बापाला चॉकलेटचं अंडं देतात आणि आत कांदा असतो. ते कसं करतात ते मला सविस्तर लिही. मी ते निश्चयाच्या दिवशी देणार. या खेपेला मी स्वतः करणार आणि स्वतःच देणार.

आत्याबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, वैद्यनाथानं तुमच्या नलंगुला अख्खा लाडू खाल्ला आणि पाणीसुद्धा मागितलं नाही. मी तेव्हा तिथून उठून जाते.

खरं सांग, अक्का. एका घासात माणूस कळतो का?

तुझी धना


पुणे,
२१ नोव्हेंबर १९५५

चि. धनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वीस वर्षांची झालीस, आणि अजून कोण कुठे रागावेल हे आधी बघून पाय टाकतेस. लहानपणीही तशीच होतीस.

आधी कृती लिहिते. रेबेलोबाईंनी मला समोर उभं करून दाखवलं. चॉकलेटच्या वड्या मोडून एका भांड्यात घालायच्या, ते भांडं गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवायचं, खाली जाळ नको, नुसती वाफ. हळूहळू विरघळतं. साच्याला आतून पातळ थर द्यायचा, सुकला की दुसरा, मग तिसरा. दोन अर्ध्या वाट्या झाल्या की एकीत काय दडवायचं ते ठेवायचं आणि कडेला गरम सुरी फिरवून दोन्ही जोडायच्या. बाई तीन वेळा बजावून म्हणाल्या, विरघळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये. पडला की त्याचा चिखल होतो आणि मग देव आला तरी तो सुधारत नाही.

त्यांचा साचा म्हणजे खरं अंड्याचं कवच, धुऊन वाळवलेलं. ते आपल्या घरी आलं तर आत्याबाई कावेरीकडे स्नानाला निघतील. आईचा पितळी करंडा आठवतो का? झाकण नि बूड सारखंच फुगीर. बैठक फिरवून काढली की अंड्याचाच आकार. तो वापर. कुंकू नीट पुसून घे.

आत काय घालायचं हे मला विचारायलाच नको. आत्याबाईंच्या बरणीत नारत्तंगाय असेलच. मी इथं रेबेलोबाईंना सांगितलं, आमच्याकडे कडवट लिंबू मीठ लावून वर्षभर उन्हात वाळवतात आणि ताकभाताबरोबर खातात, तर त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही आम्हाला विचित्र म्हणता?” गोडात ती अचानक दाताखाली आली तर कांद्याच्या दसपट. जमलं तर मलाही दोन तुकडे पाठव. इथं जीभ अगदी आळणी झाली आहे.

सोबत चॉकलेटच्या सहा वड्या पाठवते. आगगाडीत उन्हानं विरघळून पुन्हा घट्ट होतील, वर पांढरट दिसतील. घाबरू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं काय सांगू? यांनी तो लाडू खाल्ला आणि मला नऊ वर्षांत कधी वरच्या आवाजात बोलले नाहीत. आमटीत मीठ राहिलं तरी ‘बरं आहे’, दुप्पट पडलं तरी ‘बरं आहे’. हवामानखात्यात दिवसभर आकाशाकडे बघतात, संध्याकाळी घरी येऊन पेपर वाचतात. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस. तेव्हा कळतो म्हणायचा.

तुझी गोमतीअक्का

इकडे बरं आहे. वै.


कुंभकोणम्,
१० डिसेंबर १९५५

प्रिय अक्का,

पहिला प्रयत्न वाया गेला, आणि कसा गेला ते ऐकशील तर हसशील.

रविवारी अण्णा मरुदानल्लूरला भजनाला गेले होते. आत्याबाई दुपारच्या आडव्या झाल्या, मी परसात चूल पेटवली. वड्या छान विरघळल्या, तेलासारखी चकाकी आली, आणि सुवास असा की गल्लीतलं मांजर कुंपणावर येऊन बसलं. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “काय शिजतंय?”

मी म्हटलं, “चॉकलेट, आत्याबाई. पुण्याहून आलंय.”

“कुणी केलेलं?”

“कारखान्यात होतं.”

“म्हणजे कुणी केलेलं ते ठाऊक नाही!” आणि मी हात धरायच्या आत त्यांनी फुलपात्रातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि शुद्ध करायला म्हणून भांड्यावर शिंपडलं. तीन वेळा. मंत्र म्हणून.

अक्का, क्षणात चिखल. डोळ्यांदेखत. चमचा उभा राहिला. मी रडकुंडीला आले आणि आत्याबाई भांड्यात वाकून म्हणाल्या, “बघ. अशुद्ध होतं, म्हणूनच बिघडलं.”

मग मला खरं ते सांगावं लागलं, याला पाणी चालत नाही. संध्याकाळी वाती वळता वळता आपणच म्हणाल्या, “पाण्याचा थेंब लागत नाही म्हणतेस?”

“नाही.”

“वाफ बाहेरून. आत तूपच?”

“कसलीतरी स्निग्धता असते, पाणी नाही.”

“मग ते तळणात मोडतं. ज्याला पाणी नाही त्याला खरकट नाही. सोवळ्यात कर म्हणजे झालं.” आणि पुढची वात घेऊन, “पण आकाराला अंडं म्हणायचं नाही. या घरात आंबा म्हणायचं.”

तर आता मी आंबा करते आहे. दोन वड्या वाया गेल्या, चार उरल्या. आईचा करंडा काढला. बैठक फिरवताना खाचेत तिचं कुंकू अजून होतं, ती जाऊन चार वर्षं झाली तरी. ते मी पुसलं नाही, कागदात बांधून ठेवलं. नारत्तंगायीचे दोन तुकडे या पाकिटातच घालते आहे.

मी ठरवलं आहे ते तुला एकटीलाच सांगते. तो ओरडला, फेकलं, किंवा हे कुणी केलं म्हणून आत्याबाईंना बोलला, तर मी अण्णांना तांबुलाआधी नाही म्हणून सांगेन. सर्वांदेखत. महामाघम्‌साठी गावात बारा वर्षांनी यात्रा भरेल, सगळ्यांकडे पाहुणे येतील, महिनाभर चर्चा होईल, होऊ दे. आणि तो हसला किंवा भावोजींसारखा गिळून बसला तर मी हो म्हणेन.

तू ‘कळतो म्हणायचा’ असं लिहिलंस. नुसतं ‘कळतो’ का नाही लिहिलंस?

तुझी धना


पुणे,
१९ डिसेंबर १९५५

चि. धना,

हे पत्र वाचून चुलीत घाल. आज याखाली त्यांची ओळ नाही, कारण त्यांना मी दाखवलेलं नाही.

तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मला चार दिवस लागले.

माझ्या लग्नाच्या दुपारी त्यांनी तो लाडू खाल्ला तेव्हा मी खाली मान घालून बसले होते, पण कडेनं बघत होते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. आई म्हणाली, “पोरगा सोनं आहे.” मलाही तसंच वाटलं. मिरच्या गिळून जो हूं की चूं करत नाही तो माझ्यावर कशाला रागावेल?

नाहीच रागावले. पण धना, माणूस वाईट चवीला तोंड वाकडं करत नाही तेव्हा चांगल्या चवीलाही करत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी केलेलं काय आवडतं ते मला ठाऊक नाही. पहिली दोन वर्षं रोज निराळं करून बघितलं. मग सोडून दिलं.

आमचं बाळ चाळीस दिवसांचं होऊन गेलं हे तुला माहीत आहे. त्यानंतरची सकाळ तुला माहीत नाही. मी भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी अंघोळ केली, डोक्याला टोपी घातली, दारात थांबून म्हणाले, “येतो.” आणि नेहमीच्या वेळी ऑफिसला गेले. मी त्या दाराकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच आलं, हा तोच माणूस आहे ज्यानं लाडू खाल्ला. हेही गिळलं.

त्या दिवसापासून पाच वर्षं मी त्यांच्याशी बरी वागते. तेही माझ्याशी बरे वागतात. वाईट काहीच नाही, म्हणून तर कुणाला सांगताही येत नाही.

म्हणून तुझ्या त्या आंब्यावर स्वतःचं आयुष्य ठरवू नकोस. आणि ठरवणारच असशील तर माझं एवढं ऐक. त्यानं गिळलं तर हो म्हणू नकोस. त्यानं थुंकलं तर चालेल. थुंकणाऱ्याच्या तोंडात काय आहे ते निदान कळतं.

अक्का


कुंभकोणम्,
२७ डिसेंबर १९५५

अक्का,

पत्र जाळलं. पण त्यातलं एक वाक्य माझ्यामुळे खोटं आहे, आणि ते मला आता सांगितलंच पाहिजे. तू मला माफ केलं नाहीस तरी चालेल.

त्या लाडवात काही नव्हतं.

आईनं मिरच्या भरायचं काम मला दिलं होतं, आठवतं? मी अकरा वर्षांची होते. पाच हिरव्या मिरच्या वाटून भरल्या. मग नलंगुच्या आधी मी कोठीत पोत्यामागे रडत बसले होते, कारण तू जाणार होतीस. भावोजी पंचा शोधत तिथं आले. मला वाटलं, रागावतील किंवा कुणाला बोलावतील. ते खाली बसले, सांडलेल्या तांदळात बोटानं एक ढग काढला आणि म्हणाले, “हा असा दिसला की पाऊस नाही. असा दिसला की आहे. तुझी अक्का पुण्याहून रोज हाच ढग बघेल, तुझ्या तीन दिवस आधी.” एवढंच बोलले आणि गेले.

त्यांना मिरच्या द्यायचा मला धीर झाला नाही. मी ताटातला साधा लाडू ठेवला आणि मिरच्यांचा परसात पुरला.

सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. नाही बोलले. नंतर आई इतक्या अभिमानानं सांगत फिरू लागली, की खरं सांगायचं धाडस वर्षागणिक कमीच होत गेलं. ती गेली तेव्हा वाटलं, आता हे माझ्याबरोबरच जाईल.

म्हणून मी या वेळी सगळं स्वतः करणार असं लिहिलं होतं. आपल्या घरात तुझ्या नवऱ्याची परीक्षा कधी झालीच नाही, अक्का. नऊ वर्षं तू ज्या लाडवावरून त्यांना ओळखते आहेस तो त्यांनी खाल्लेलाच नाही.

धना


पुणे,
१५ जानेवारी १९५६

चि. धनास संक्रांतीचा तिळगूळ आणि आशीर्वाद.

तुला पंधरा दिवस उत्तर नाही, तू घाबरली असशील. मी रागावले होते, हे खरं. तुझ्यावर, मग आईवर, मग मिरच्यांवर. राग कुठं ठेवावा ते कळेना, तेव्हा काल मी एक काम केलं.

माझ्याकडे एक वडी उरली होती. रेबेलोबाईंकडून वाफेचं भांडं आणलं, दोन डावांच्या खोलगट भागात थर दिले, आणि तू पाठवलेल्या नारत्तंगायीचा मोठा तुकडा आत ठेवला. चहाच्या वेळी तिळगुळाच्या बशीत ते ठेवून त्यांच्यासमोर केलं. म्हटलं, “शेजारून आलंय.”

पेपर वाचता वाचता त्यांनी अर्धं तोंडात टाकलं. चावलं. थांबले.

“शी!” म्हणून ते उठले, मोरीत धावले, थुंकले, चूळ भरली आणि तिथूनच ओरडले, “हे काय आहे? मारायचा विचार आहे का?” इतक्या मोठ्यानं, की खालच्या बिऱ्हाडातल्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. मी हसायला लागले. हसता हसता रडायला लागले आणि मला दोन्ही थांबवता येईना. ते ओल्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिले. मग मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं.

वाचून झाल्यावर किती तरी वेळ घडी घालत बसले. मी म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं ना, साधा आहे म्हणून?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“पोरीला मार बसला असता.”

“आणि नंतर? नऊ वर्षं?”

तेव्हा ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. “सगळ्यांनी सांगितलं, मी शांत आहे, सोशिक आहे. तुझी आई म्हणाली, तूही म्हणालीस. मला वाटलं, या घरानं आपल्याला एका गुणासाठी पसंत केलं आहे आणि तो आपल्याकडे नाही. निदान ते दिसू तरी नये.”

मी बाळाचं विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा. “त्या सकाळी ऑफिसला कसे गेलात?”

“घरी थांबलो असतो तर तुझ्यासमोर मोडलो असतो. तुझं लग्न न मोडणाऱ्या माणसाशी झालं होतं.” मग म्हणाले, “साडेआठचं निरीक्षण माझ्याकडे होतं. तापमापीपुढे उभा राहिलो. पारा दिसत होता. आकडा लिहिता आला नाही. त्या दिवसाचा तो रकाना रिकामा आहे, गोमती. साहेबांनी विचारलं, मी सांगितलं, विसरलो.”

दिवा लावायचं राहून गेलं.

तू माझी माफी मागितलीस. देते. पण मला तुझ्यावर रागावू दे थोडे दिवस, सवय करून घेते आहे.

तुझ्या निश्चयाला आता बारा दिवस आहेत. तू काय करणार आहेस?

अक्का


कुंभकोणम्,
२९ जानेवारी १९५६

प्रिय अक्का,

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा माझे दोन आंबे तयार होते, ओल्या वाळूच्या मडक्यात केळीच्या पानावर ठेवलेले. करंड्याची वेलबुट्टी त्यांच्यावर इतकी सुरेख उमटली होती, की आत्याबाईंनी चष्मा मागवला. एकात नारत्तंगाय, एक पोकळ.

शुक्रवारी मंडळी आली. तांबुलाआधी मी अण्णांना म्हटलं, मला पाच मिनिटं बोलायचं आहे. त्याच्या आईच्या भुवया वर गेल्या, पण अण्णा म्हणाले, “परसात विहिरीपाशी बसा. ताई तिथंच फुलं ओवते आहे.” म्हणजे आत्याबाई पहाऱ्याला.

मी ताटली पुढे केली. त्यानं बघितलं, आत्याबाईंकडे नजर टाकली आणि हळूच विचारलं, “हे अंडं आहे?”

“आंबा आहे!” आत्याबाई तिकडून गरजल्या.

त्यानं उचलायला हात पुढे केला, आणि अक्का, माझ्याच्यानं देववेना. अकराव्या वर्षी दया आली होती. आता तसं नव्हतं. मला तुझी नऊ वर्षांची जेवणाची ताटं दिसली. त्यानं काहीही केलं असतं तरी मी त्याचा एक अर्थ लावला असता, आणि तो बिचारा जन्मभर त्या अर्थाला धरून वागला असता. मी ताटली मागे घेतली, सुरीनं आंबा मधोमध कापला आणि आतलं त्याला दाखवलं.

म्हटलं, “यात नारत्तंगाय आहे. तुम्ही चिडता का ते बघणार होते. चिडलात तर नाही म्हणणार होते.”

तो त्या दोन अर्ध्यांवर वाकला. मग म्हणाला, “चिडलो असतो.”

“फेकलं असतं?”

“कदाचित. पाच मिनिटांनी लाज वाटली असती. पण ती पाच मिनिटं तुम्हाला काढावी लागली असती.”

“त्या दिवशी जटक्यावाल्यावर का ओरडलात?”

“आई चढायच्या आत त्यानं गाडी हाकली. तिचा पाय घसरला. तरी इतकं ओरडायला नको होतं, घरी तीच मला बोलली. माझा आवाज मोठा आहे. वर्गात उपयोगी पडतो. बाकी ठिकाणी तो मला उशिरा ऐकू येतो.” मग त्यानं विचारलं, “तुम्ही चिडलात की काय करता?”

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. मी खरं सांगितलं, “दोन दिवस बोलत नाही.”

“दोन दिवस!” तो म्हणाला. “मग माझी पाच मिनिटं स्वस्त आहेत.”

मी विचारलं, “मी काय वाचते ते त्या दिवशी का नाही विचारलंत?”

“विचारलं असतं, आणि मी ते वाचलेलं नसतं तर? आई शेजारीच होती.”

त्यानं ताटलीतला अर्धा भाग उचलला, दुसरा माझ्यापुढे केला. दोघांनी एकदमच खाल्ला. त्याचं तोंड आधी वाकडं झालं की माझं, ते सांगता येणार नाही. त्यानं केळीच्या बुंध्याशी जाऊन थुंकलं, मी विहिरीच्या बाजूला. आत्याबाई फुलांची परडी आपटून म्हणाल्या, “शिकलेली माणसं! वर्षभर उन्हात घातलेली माझी नारत्तंगाय मातीत गेली!”

मी आत जाऊन अण्णांना सांगितलं, तांबूल घ्या. त्यांनी विचारलं, “बघितलंस का काय बघायचं ते?” मी म्हटलं, “थोडंसं. उरलेलं बघायला तिथं जावं लागेल.”

करंडा घासून त्यात आईचं कुंकू परत भरलं. उघडला की अजून चॉकलेटचा वास येतो. आत्याबाई म्हणतात, लग्नापर्यंत जाईल. मला तो जायला नको आहे.

भावोजींना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासमोर कसं उभं राहायचं ते मला अजून कळत नाही.

धना


पुणे,
६ फेब्रुवारी १९५६

चि. धनलक्ष्मीस वैद्यनाथचे आशीर्वाद.

मला एका ओळीहून लांब पत्र लिहायची सवय नाही. गोमती म्हणाली, “तुम्हीच लिहा,” आणि आत निघून गेली. म्हणून लिहितो.

तू लाडू बदललास हे मला पहिल्या घासाला कळलं. त्याआधी सकाळपासून तिघांनी मला सावध केलं होतं आणि मी ठरवून ठेवलं होतं की थुंकायचं. थुंकलोच असतो. तुझी समजूत आहे की तू मला वाचवलंस. तसं नाही झालं. पण तुझ्याकडे दोष नाही, तू अकरा वर्षांची होतीस आणि मी एकोणतीस. तोंड माझं होतं.

आता त्या लाडवाविषयी. बुंदी चांगली होती. पाक थोडा पुढे गेला होता. आणि त्यात लवंग होती. मला लवंग आवडत नाही. मी तो अख्खा खाल्ला म्हणून तुझी अक्का नऊ वर्षं प्रत्येक लाडवात लवंग घालते आहे. हे मी तिला गेल्या मंगळवारी सांगितलं. ती माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही, मग स्वतःच डब्यातल्या सगळ्या लवंगा काढून रेबेलोबाईंना देऊन आली.

वैशाखात आम्ही येतो. नलंगुला राजगोपालचं झालं की माझा राहिलेला लाडू मला दे. पाच मिरच्या ठरल्या होत्या, पाचच घाल. मी सर्वांदेखत थुंकणार आहे. मीनाक्षीबाईंना आधी सांगू नकोस.

इकडे पहाटे थंडी फार आहे. गोमतीला सर्दी झाली आहे, माझा उजवा गुडघा दुखतो, आणि परवा खिडकीच्या पडद्याच्या रंगावरून आमचं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही.

वै.